फळीवरची गोळी आणि संगणकाची करवत



जत्रेंत किंवा मोठ्या शहरांतील करमणूकगृहांत पैसे टाकून खेळावयाचीं यंत्रें आपण पाहिलीं असतील. कोठें स्प्रिंगच्या धक्क्यानें गोळी उडते, कोठें लोखंडी चिमटा खालीं येऊन बाहुली उचलूं पाहतो. अशा यंत्रापुढें हरलेल्या मनुष्याच्या मनांत एक प्रश्न हटकून येतो: मी हरलों तो माझा हात चुकला म्हणून, कीं यंत्र करणाऱ्यानें मला हरविण्याचें आधींच ठरविलें होतें म्हणून? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. खेळ आणि जुगार यांच्यामधली रेघ त्याच्या उत्तरावरूनच काढावी लागते. असें एक यंत्र घरच्या घरीं कसें करतां येईल, हें आज सांगावयाचें आहे. आणि तें सांगतांना हा प्रश्न सतत डोळ्यांपुढें ठेवावयाचा आहे. विकत घेतलेल्या यंत्राबद्दल आपण दुसऱ्यास दोष देऊं शकतों. आपल्या हातानें केलेल्या यंत्राचा दोष मात्र आपल्याच पदरीं येतो.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें बॅगाटेल नांवाचा एक खेळ रूढ झाला. मेजावर खिळे ठोकलेले असत आणि त्यांच्या मधून काठीनें चेंडू ढकलून ते नेमलेल्या खळग्यांत पाडावयाचे असत. १८७१ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनीं या खेळांत सुधारणा करून पेटंट मिळविलें. काठीच्या जागीं स्प्रिंगचा दट्ट्या आला. पुढें १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनीं 'बॅफल बॉल' नांवाचें, नाणें टाकून खेळावयाचें यंत्र बाजारांत आणलें. दिवस मंदीचे होते. एका सेंटांत घटकाभर करमणूक होत असेल तर ती कोणास नको? लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. परंतु या यंत्रांत एक मोठें व्यंग होतें. गोळी एकदां सुटली कीं यंत्राला हलकासा धक्का देण्यापलीकडे खेळणाराच्या हातीं कांहीं उरत नसे. गोळी खिळ्याखिळ्यावर आपटत कोठें जाईल, हें दैवाधीन होतें. आणि जेथें दैव आलें तेथें पैज आलीच. १९४२ सालीं न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनीं हीं यंत्रें जुगाराचीं ठरवून त्यांवर शहरांत बंदी घातली. जप्त केलेलीं यंत्रें घणाचे घाव घालून फोडण्यांत आलीं.

यानंतरची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९४७ सालीं गॉटलीब यांच्याच कंपनीनें 'हम्टी डम्टी' या यंत्रांत खेळणाराच्या बोटांनीं हलणाऱ्या पात्या बसविल्या. खालीं येणारी गोळी आतां परतवून लावतां येऊं लागली. दैवाच्या राज्यांत कौशल्याचा शिरकाव झाला. यंत्र बदललें, पण कायदा बदलला नाहीं. न्यूयॉर्कमधील बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या तरुण लेखकाला नगरमंडळाच्या सभासदांसमोर खेळून दाखविण्यास पाचारण करण्यांत आलें. दट्ट्या ओढण्यापूर्वींच त्यांनीं सांगितलें, 'आतां गोळी मधल्या वाटेनें जाईल'. आणि ती खरोखरच तशी गेली. खेळ कौशल्याचा आहे, हें सभासदांस पटलें आणि बंदी उठली. आपल्याकडेहि हा विवेक नवा नाहीं. मुंबई इलाख्यासाठीं केलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेविलें आहे. म्हणजे न्यूयॉर्क असो वा मुंबई, प्रश्न एकच: निकाल हाताचा कीं दैवाचा?

आपण जो खेळ करावयाचा तो हाताचा असावा, हें उघड आहे. त्याचा उत्तम नमुना १९८३ सालीं टायटो कंपनीनें काढलेल्या एका खेळांत सांपडतो. त्याचें नांव 'आइस कोल्ड बीअर'. करमणूकगृहें त्या काळीं पडद्यावरच्या चित्रखेळांनीं भरून गेलीं होतीं. अशा वेळीं या यंत्रांत मात्र खरी पोलादी गोळी खऱ्या दांडीवरून धांवत होती. जगांत ठिकठिकाणीं हौशी लोक आज घरीं याच्या प्रतिकृति करतात, त्याचें कारणहि हेंच असावें.

नभोवाणीवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं. म्हणून श्रोत्यांनीं क्षणभर डोळे मिटावे आणि एक फळी मनांत उभी करावी. फळी ४० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच, आणि भिंतीला टेकून ठेविलेल्या आरशाप्रमाणें किंचित् मागें झुकलेली आहे. तिच्यांत चाळीस वाटोळीं भोंकें पाडलेलीं आहेत. फळीच्या पुढच्या बाजूनें, तळाशीं, धातूची एक सरळ दांडी आडवी गेली आहे. दांडीचीं दोन टोंकें दोन दोऱ्यांना टांगलेलीं आहेत. उजवी मूठ फिरविली कीं उजवें टोंक वर चढतें, डावी फिरविली कीं डावें. दांडीवर एक गोळी बसलेली आहे आणि ती पाठीनें फळीला टेकलेली आहे. दांडी समतल आहे तोंवर गोळी स्वस्थ असते; एक टोंक जरासें वर गेलें कीं ती दुसऱ्या टोंकाकडे पळूं लागते. चाळीस भोंकांपैकीं दहांवर आंकडे घातलेले आहेत. त्यांना आपण 'घरें' म्हणूं. उरलेल्या तिसांना गोट्यांच्या खेळांतला जुना शब्द घेऊन 'गली' म्हणूं. गोळीला दांडीवर तोलीत तोलीत वर न्यावयाचें, गली चुकवावयाच्या आणि तिला नेमलेल्या घरांत पाडावयाचें, एवढाच हा खेळ. पहिलें घर तळाजवळ, दहावें माथ्याशीं.

वर्णन सोपें वाटतें; खेळणें तितकें सोपें नाहीं. ४० सेंटिमीटरांच्या दांडीचें एक टोंक केवळ एक सेंटिमीटर वर गेलें, तर घर्षण सोडून दिल्यास गोळी पहिल्या सेकंदांत सुमारें ९ सेंटिमीटर जाते, आणि दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीस ३५ सेंटिमीटर गेलेली असते. म्हणजे दोन सेकंदांपेक्षां किंचित् अधिक वेळांत सबंध दांडी संपली! मनुष्य गोळीकडे पाहून हात हलवूं लागतो तेव्हां उशीर झालेला असतो. गोळी जेथें आहे तेथें पाहून भागत नाहीं. ती जेथें असणार आहे तेथें पाहावें लागतें. हें शिकणें म्हणजेच या खेळांतलें कौशल्य, आणि तें सरावानें हमखास येतें.

आतां हें करावयाचें कशानें? चाळीस भोंकें गिरमिटानें पाडतां येणार नाहींत असें मुळींच नाहीं. कुशल सुतार तीं उत्तम पाडील. परंतु समजा, फळी तयार झाल्यावर असें आढळलें कीं सतरावें भोंक दोन मिलिमीटर डावीकडे हवें होतें. सुताराला सारी फळी पुन्हां आंखून पुन्हां पाडावी लागेल, आणि दुसरी फळी पहिलीशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं. येथें संगणकाच्या आज्ञेनें चालणारें कापणयंत्र, ज्याला कारखान्यांत सी.एन.सी. म्हणतात, तें उपयोगी पडतें. आंखणी एकदां संगणकांत केली, कीं एक भोंक सरकवून बाकीचीं एकोणचाळीस जेथल्या तेथें ठेवितां येतात.

या यंत्रांचा उगम खेळण्यांत नाहीं, हेलिकॉप्टरांत आहे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पंख्यांचीं पातीं करीत असत. पात्याची वक्र रेषा अचूक मिळावी म्हणून त्यांनीं गणितानें पुष्कळ बिंदु काढून त्या आंकड्यांप्रमाणें हत्यार चालविण्याची कल्पना काढली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेनें ती पुढें नेली, आणि १९५२ सालीं भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारें यंत्र तेथें चालवून दाखविण्यांत आलें. कागदी फीत गेली, संगणक आला; तत्त्व मात्र तेंच राहिलें आहे. हत्यार आडवें, उभें आणि वरखालीं अशा तीन दिशांनीं सरकतें. लहान यंत्रांत प्रत्येक दिशेला एक मोटर असते, आणि ती सलग न फिरतां पावलापावलानें फिरते. एका फेऱ्याचीं साधारणतः २०० पावलें. एका फेऱ्यांत स्क्रू ८ मिलिमीटर पुढें नेत असेल, तर एक पाऊल म्हणजे मिलिमीटराचा पंचविसावा भाग झाला. संगणक फक्त आज्ञा देतो: येथून तेथवर, इतक्या वेगानें, इतक्या खोलीवर जा. हत्यार कोठें अडलें आणि मोटरीचीं चार पावलें हुकलीं, तर साध्या यंत्राला तें कळतहि नाहीं. तें पुढचें सर्व काम तितकेंच सरकवून मोठ्या निष्ठेनें पुरें करतें. म्हणून यंत्रापाशीं मनुष्य हवाच.

कापणयंत्राचे मुख्य प्रकार दोन. एकांत गरगर फिरणारें पातें लांकूड कोरीत जातें. त्याला राउटर म्हणतात. दुसऱ्यांत लेझरचा, म्हणजे एकवटलेल्या प्रकाशाचा, झोत लांकूड जाळीत जातो. प्लायवुड आणि ॲक्रिलिक कापण्यास जो लेझर सर्रास वापरतात तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं. या लेझरशीं महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. त्याचे जनक चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून १९५८ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं त्यांनीं हा लेझर सिद्ध केला. जगांतील असंख्य कारखान्यांत आज कापड, चामडें, लांकूड कापणारा हा किरण एका बारामतीकराची देणगी आहे, हें आपणांपैकीं कितीकांस ठाऊक असेल?

अशीं यंत्रें घरीं विकत घेण्याची गरज नाहीं. नांवाच्या पाट्या आणि लग्नपत्रिका लेझरनें कापून देणारीं दुकानें आपल्या शहरांत आहेत; आंखणी नेऊन दिली कीं ते तुकडे कापून देतात. 'फॅब लॅब' या नांवानें सार्वजनिक उपयोगाच्या कार्यशाळाहि निघाल्या आहेत. त्यांच्या जागतिक मालिकेंतील अगदीं पहिल्यांपैकीं एक २००२ सालीं पुणे जिल्ह्यांतील पाबळ गांवीं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत सुरू झाली. हातानें करीत करीत शिकावें, हें त्या आश्रमाचें ध्येय; आपला उद्योगहि त्याच जातीचा आहे. आंखणी करण्यास 'इंकस्केप' यासारखी साधनें संगणकावर मोफत मिळतात.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सहा मिलिमीटर जाडीचें चांगलें, न वांकलेलें प्लायवुड घ्यावें. १९ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या, ज्या बॉल-बेअरिंगसाठीं मिळतात, त्या पंधरा घ्याव्या; एकीचें वजन सुमारें २८ ग्रॅम भरतें. भोंकांचा व्यास २४ मिलिमीटर ठेवावा. आंखणीस बसण्यापूर्वीं फळीची जाडी स्वतः मोजावी. सहा मिलिमीटर म्हणून घेतलेली फळी मोजतांना पुष्कळदां साडेपांचच भरते. आणि एका फळीचा दांता दुसरीच्या खांचेंत बसवावयाचा असेल, तर या अर्ध्या मिलिमीटरानें सांधा खिळखिळा होतो. करवतीच्या पात्याला जशी जाडी असते तशी लेझरलाहि असते; तो मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शापासून तीन दहांशापर्यंत लांकूड जाळून टाकतो. तेवढा तुकडा लहान होतो आणि तेवढीच खांच मोठी होते. राउटरचें पातें वाटोळें असल्यानें आंतला काटकोन त्याला कापतांच येत नाहीं. तेथें कोपऱ्यावर एक लहान वाटोळी खोबण आधींच आंखून ठेवावी, म्हणजे चौकोनी दांता नीट बसतो. या सर्वांवर एकच उपाय: सबंध फळी कापण्यापूर्वीं तळहाताएवढ्या तुकड्यावर एक दांता व एक खांच कापून जुळवून पाहावी.

फळीचा झोंक दहा अंशांच्या सुमारास असावा, म्हणजे तिचा माथा पायापेक्षां १० सेंटिमीटर मागें जातो. फळी अगदीं उभी ठेविली तर गोळी पुढें उडून पडते. फार निजविली तर ती फळीला घासत चालते आणि तिची चपळाई जाते. दांडीचा मध्य फळीपासून गोळीच्या मध्याइतक्याच अंतरावर, म्हणजे साडेनऊ ते दहा मिलिमीटरांवर, ठेवावा. तो याहून जवळ असेल तर गोळी दांडीवरून पुढें घरंगळेल. आणखी एक गोष्ट सहज नजरेंतून सुटते. दांडी तिरपी झाली कीं तिला अधिक लांबी लागते. दोन बाजूंच्या खोबणींत ४० सेंटिमीटरांचें अंतर आहे आणि एक टोंक दुसऱ्यापेक्षां १० सेंटिमीटर वर गेलें, तर कर्णाची लांबी ४१ सेंटिमीटरांहून थोडी अधिक होते. म्हणून दांडीचें एक टोंक खिळीवर फिरतें ठेवावें आणि दुसऱ्यास लांबट खांचेंत सरकण्यास दीड सेंटिमीटर मोकळीक द्यावी. तशी न दिल्यास दांडी मध्येंच अडकून बसते.

दांडी उचलण्यास मोटरी नकोत. प्रत्येक टोंकाची दोरी माथ्यावरच्या कप्पीवरून खालीं आणून मुठीच्या आंसावर बसविलेल्या रिळावर गुंडाळावी. रीळ २० मिलिमीटर व्यासाचें असेल, तर मुठीच्या एका फेऱ्यांत टोंक सुमारें ६३ मिलिमीटर चढतें; तळापासून माथ्यापर्यंत आठ फेरे पुरतात. रीळ मोठें घेतलें तर खेळ जलद पण उर्मट होतो. लहान घेतलें तर सावकाश आणि कंटाळवाणा. मूठ सोडल्यावर दांडी धाडकन् खालीं येऊं नये म्हणून आंसावर चामड्याची चकती घालून नट थोडा आंवळावा. हें आंवळणें दोन्ही बाजूंना सारखें हवें. एक मूठ जड आणि दुसरी हलकी असेल, तर खेळणारा गोळीशीं झगडण्याऐवजीं मुठीशीं झगडतो.

गुण मोजण्यासहि विजेची गरज नाहीं. प्रत्येक घराच्या मागें प्लायवुडच्या वाटोळ्या कड्या एकावर एक डकवून आणि मागून चकती लावून एक लहानशी डबी करावी. तिची खोली फळीच्या जाडीसह गोळीच्या व्यासाइतकीच असावी. घरांत पडलेली गोळी तेथेंच चमकत बसते, आणि भरलेलें घर पुढच्या गोळीला गिळीत नाहीं. गलींच्या मागें मात्र मोकळी जागा. तींतून गोळी खालच्या तिरप्या पन्हळींत पडते आणि घरंगळत तळच्या तोंडाशीं परत येते. पंधरा गोळ्या संपल्या कीं फळीवर किती घरें चमकतात तें पाहावें, तीच गुणसंख्या. शेवटीं लहान चुंबक लावलेल्या कांडीनें गोळ्या काढून घ्याव्या. हें काम मुलांना खेळाइतकेंच आवडतें.

येथवर सांगितलें तें सारें यंत्राचें झालें. खेळाचा प्राण मात्र भोंकांच्या जागेंत आहे, आणि ती जागा कोणतेंहि यंत्र ठरवीत नाहीं. एक साधी भौतिक गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे. गोळी फळीला फक्त एका बिंदूंत टेकते, आणि तो बिंदु तिच्या मध्याच्या बरोबर मागें असतो. तो बिंदु गलीच्या कडेपलीकडे जाईपर्यंत गोळी पडत नाहीं. पाहणाऱ्याला वाटतें कीं गोळी अर्धी गलीवर आली, आतां गेलीच. पण खेळणारा तिला कडेवरून सुखरूप परत आणतो! दोन गलींच्या मध्यें अवघी १० मिलिमीटरांची पट्टी असली, तरी तिच्या जवळजवळ दुप्पट रुंदीची गोळी त्या पट्टीवरून तोल सांभाळून वर जाऊं शकते. म्हणजे आंखणी करतांना गोळीची रुंदी मोजावयाची नसते, त्या टेकण्याच्या बिंदूची वाट मोजावयाची असते. प्रत्येक घराकडे जाणारी अशी एक तरी वाट कागदावर पेन्सिलीनें काढून पाहावी. पहिल्या घरापर्यंत ती ३० मिलिमीटर रुंद असावी, मधल्या घरांशीं १५, आणि दहाव्याशीं ८ असली तरी चालेल. ज्या घराकडे वाटच नाहीं तें घर नव्हे; तो सापळा आहे.

पुष्कळांना असें वाटतें कीं खेळ कठीण केला म्हणजे तो चांगला झाला. कठीणपणा आणि अन्याय यांत फरक आहे. घराच्या बरोबर खालीं गल ठेवणें हा कठीणपणा. ती चुकवून बाजूनें येतां येतें. घराच्या सभोंवतीं गलींचें कडें करणें हा अन्याय. फळी वांकडी असेल, दांडीला पोंक असेल, किंवा भोंकाच्या कडेला कुसळ असेल, तर तोहि अन्यायच. कारण मग सारख्याच हाताला एकदां घर मिळतें आणि एकदां गल, आणि दैव मागच्या दारानें परत येतें. अचूक कापणीचें खरें महत्त्व येथें कळतें. ती डोळ्यांना सुबक दिसते ही गोष्ट दुय्यम. तिच्यामुळें तोच हात तेंच फळ देतो, ही गोष्ट मुख्य. म्हणून कापून आलेल्या प्रत्येक भोंकाची कड बारीक कागदानें घांसावी आणि दांडी कांचेवर लोळवून सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें.

तरीहि पहिली आंखणी बरोबर येईल, या भरंवशावर राहूं नये. प्रथम ती जाड पुठ्ठ्यावर कापून घ्यावी. त्यास खर्च थोडा येतो. घरांतल्या चार-पांच जणांना खेळावयास बसवावें, आणि प्रत्येक गोळी ज्या गलींत पडेल तिच्याशेजारीं पेन्सिलीची एक रेघ ओढावी. शंभर गोळ्या खेळून झाल्या कीं पुठ्ठा स्वतःच बोलूं लागतो. रेघा सर्वत्र विखुरलेल्या असतील तर खेळ समतोल आहे. एकाच गलीजवळ त्यांची दाटी झाली असेल, तर तेथें थांबून विचार करावा: येथें हात चुकतो कीं वाट अरुंद आहे? सराव झालेल्या खेळाडूच्या रेघा तेथें कमी होत असतील तर गल राहूं द्यावी. त्याच्याहि रेघा तितक्याच असतील तर ती सरकवावी. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतरच प्लायवुडला हात घालावा. संगणकाचें खरें वरदान येथें आहे. त्यानें चूक टळत नाहीं. चूक दुरुस्त करण्याचें भय मात्र टळतें. ज्या सुताराला दुसरी फळी सबंध नव्यानें पाडावी लागते तो पहिलींत तडजोड करतो. ज्याला एक भोंक सरकवून दुसरी मिळते त्याला तडजोडीस निमित्त उरत नाहीं.

सुरक्षिततेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. लेझर चालू असतां त्याला सोडून जाऊं नये. लांकूड जळत असतें, आणि ठिणगीची ज्वाळा होण्यास वेळ लागत नाहीं. पी.व्ही.सी. म्हणून ओळखलें जाणारें प्लॅस्टिक लेझरखालीं कदापि घालूं नये. त्यांतून क्लोरिनयुक्त विषारी वायु निघतो, तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाहि मारक. राउटरजवळ चष्मा घालावा, सैल बाह्या आणि ओढणी दूर ठेवावी, आणि कापलेला तुकडा शेवटीं उसळूं नये म्हणून त्याला मूळ फळीशीं दोन-तीन ठिकाणीं जोडलेला ठेवून मग हातकरवतीनें सोडवावा. हीं कामें मुलांनीं पाहावीं, पण करावीं मोठ्यांनींच. आंखणी, जुळणी, घासणें, रेघा मोजणें ह्या गोष्टी मात्र दहा वर्षांच्या मुलालाहि सहज साधतात. आणि भूमितींतला कर्ण दांडीच्या रूपानें एकदां हातांत आला, कीं तो वहींतहि परका वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, बाजारांत शेंकडों खेळ मिळत असतां एवढा खटाटोप कशासाठीं? हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. खर्चाचा आणि वेळाचा हिशेब मांडला तर विकतचा खेळच स्वस्त पडेल. परंतु आपल्या मुलांच्या हातांत आज जे खेळ आहेत, त्यांतील बहुतेकांचे नियम दूर कोणीतरी ठरवितो, ते पडद्यामागें राहतात, आणि खेळणाऱ्याला कोठें हरवावयाचें आणि कोठें जिंकूं द्यावयाचें याचा हिशेबहि तेथेंच होत असतो. हा हिशेब एकदां स्वतः करून पाहिल्यावांचून तो दुसऱ्याच्या खेळांत ओळखतां येत नाहीं. ज्यानें आपल्या हातानें एक गल दोन मिलिमीटर सरकविली आहे, तो पुढें कोणत्याहि यंत्रापुढें उभा राहिला तरी विचारील: हें भोंक येथें कोणी ठेविलें, आणि कां?

आपली फळी साधली कीं नाहीं हें ओळखण्याची कसोटी सोपी आहे. घरांतल्या लहानांत लहान खेळाडूला पंधरा गोळ्या द्याव्या आणि तो हरल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवावें. तो फळीकडे रागानें पाहूं लागला, तर आंखणी पुन्हां उघडावी. तो आपल्याच हातांकडे पाहून 'आणखी एकदां' म्हणाला, तर समजावें कीं काम झालें.